हाताला गुण असतो म्हणजे काय? कोलोनोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांच्या हालचाली का मोजतात

सोलापुरात कुणाला कोलोनोस्कोपी सांगितली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘फार दुखतं का?’ लगेच दुसरा येतो, ‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे का?’ अक्कलकोट, मंगळवेढा किंवा सीमेपलीकडच्या इंडीहून येणारे पेशंटसुद्धा चार ठिकाणी हेच विचारून मग नंबर लावतात. हा दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे. या तपासणीचे यंत्र सगळीकडे जवळपास सारखेच असते. पेशंटला त्रास किती होईल आणि आतले एखादे दुखणे नजरेतून सुटेल का, हे मात्र बरेचसे ते यंत्र धरणाऱ्या हातांवर ठरते.

गेल्या काही वर्षांत नेमक्या या ‘गुणा’चा अभ्यास सुरू झाला आहे. डॉक्टरांच्या मनगटाला सेन्सर लावतात, समोर कॅमेरे ठेवतात. हात किती पुढे गेला, किती वळला, खांदा किती उचलला गेला, नळी किती जोराने ढकलली, याची नोंद होते. हेतू एकच असतो, अनुभवी हाताला जे कळते ते नवख्या हाताला लवकर शिकवता यावे.

हे नीट कळण्यासाठी आधी ती दुर्बीण आत कशी जाते ते पाहू.

नळी, आतडे आणि नेफ्यातली नाडी

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून मोठे आतडे आतून तपासणे. दुर्बिणीला डॉक्टर ‘स्कोप’ म्हणतात. ती साधारण करंगळीएवढी जाड, म्हणजे १२-१३ मिलिमीटर, आणि दीड मीटरच्या आसपास लांब असते. टोकाला कॅमेरा, दिवा आणि हवा-पाण्याची छिद्रे असतात. आतून एक पोकळ वाट असते. तिच्यातून चिमटा किंवा तारेचा फास घालून तुकडा काढता येतो किंवा पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेला मांसल कोंब, कापता येतो. स्कोपमधून पॉलिप काढण्याचे तंत्र १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी सुरू केले. सुरुवातीच्या काळात एक जण नळी ढकलायचा आणि दुसरा चाके फिरवायचा. दोन्ही कामे एकाच माणसाने करायची पद्धत रुजवण्यात शिन्यांचा मोठा वाटा आहे. आजचे सगळे शिक्षण त्याच पद्धतीवर उभे आहे.

मोठे आतडेही सुमारे दीड मीटर लांब. ते पोटात चौकटीसारखे बसलेले असते. डाव्या बाजूने वर चढते, प्लीहेजवळ वळते, आडवे जाते, यकृताजवळ पुन्हा वळते आणि उजव्या बाजूने खाली उतरून सीकम नावाच्या पिशवीत संपते. अपेंडिक्स तिथेच असते. चौकटीच्या उभ्या बाजू पाठीला बऱ्यापैकी चिकटलेल्या असतात. सुरुवातीचा नागमोडी भाग (सिग्मॉइड) आणि वरचा आडवा भाग मात्र झोळीसारखे सैल लोंबतात. सगळी अडचण या सैल भागांत होते.

परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना काय होते ते आठवा. सेफ्टी पिन नुसती पुढे रेटली तर कापड गोळा होऊन पिन अडते. सवयीचा हात पिन थोडी पुढे सरकवतो, कापडाच्या चुण्या पिनेवर गोळा करतो, मग पिन धरून चुण्या मागे ओढतो. कसबी डॉक्टर आतड्यात हेच करतो. तो नळी आत घुसवत राहत नाही, आतड्याच्या चुण्या नळीवर चढवत राहतो. म्हणून आतडे दीड मीटरचे असूनही नळी सरळ ठेवून टोक सीकमला पोचते, तेव्हा आत फक्त ७० ते ८० सेंटिमीटर नळी गेलेली असते.

नुसते रेटत राहिले तर सैल सिग्मॉइडमध्ये नळीचे वेटोळे पडते. याला ‘लूप’ म्हणतात. मग बाहेरून दहा सेंटिमीटर ढकलले तरी टोक जागचे हलत नाही, वेटोळे तेवढे मोठे होते. कधी तर पडद्यावरचे चित्र मागे जाताना दिसते. पेशंट कळवळतो तो बहुतेक वेळा याच क्षणी. टोक कुठे टोचते म्हणून ते दुखत नाही, वेटोळ्यामुळे आतड्याला धरून ठेवणारा पडदा ताणला जातो म्हणून दुखते. जोर करतच राहिले तर आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. प्रशिक्षित हातात हे प्रमाण हजार तपासण्यांत एकाहूनही कमी असते, पण झाले तर ऑपरेशनपर्यंत जाऊ शकते.

दोन हातांची वेगवेगळी कामे

डाव्या हातात स्कोपची मूठ असते. तिच्यावर दोन चाके असतात. मोठे चाक टोक वर-खाली वळवते, छोटे चाक डावी-उजवीकडे. मोठे चाक डाव्या अंगठ्याने फिरवायचे. तर्जनी आणि मधले बोट दोन बटणांवर असते. एकाने हवा आणि पाणी सोडायचे, दुसऱ्याने आतले ओढून घ्यायचे.

उजवा हात नळीवर, गुदद्वारापासून वीस-तीस सेंटिमीटर अंतरावर. त्याचे काम पुढे-मागे करणे आणि नळीला पीळ देणे. या पिळाला डॉक्टर ‘टॉर्क’ म्हणतात. टोक थोडे वर वळवून नळीला पीळ दिला की टोक बाजूला जाते, म्हणजे छोट्या चाकाचे बरेच काम पिळानेच होते. वेटोळे सोडवायचे तेही पिळाने. नळी हळूहळू मागे ओढत, बहुधा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पीळ देत राहिले की लूप सुटतो आणि नळी सरळ होते. लूप सुटताना हाताला कळते. नळी मोकळी वाटते, आणि बाहेर एक सेंटिमीटर सरकवले की टोकही एक सेंटिमीटर सरकते.

नवख्याचे कुठे चुकते ते शिकवणाऱ्यांना पाठ असते. उजवा हात नळी फार जवळ धरतो. मग तुकड्यातुकड्याने ढकलावे लागते आणि आतला अडथळा हाताला जाणवत नाही. छोटे चाक फिरवायला तो उजवा हात वर नेतो, तेवढ्यात नळी सुटते, कमावलेला पीळ उलगडतो आणि टोक घसरून मागे येते. बाहेर लोंबणाऱ्या नळीचे वेटोळे तसेच राहते, त्यामुळे दिलेला पीळ टोकापर्यंत पोचतच नाही. वाट दिसत नाही म्हणून हवा सोडत राहायची, ही आणखी एक सवय. आतडे फुगले की लांब होते आणि वळणे आणखी टोकदार होतात. हवा ओढून घेतली की तेच आतडे आखडून जवळ येते. पडदा नुसता लाल-गुलाबी झाला म्हणजे टोक भिंतीला टेकले आहे. तिथे मागे यायचे असते, पण गोंधळलेला हात पुढे जातो.

पडद्याकडे बघून हात शिकत नाही

तपासणीच्या खोलीत सगळे पडद्याकडे बघतात, शिकणारा आणि शिकवणाराही. हातमाग शिकायला बसलेला पोरगा नुसत्या कापडाकडे बघत राहिला, उस्तादाचे हात आणि पाय कसे चालतात ते त्याने पाहिलेच नाही, तर त्याला विणकाम येईल का? स्कोपच्या बाबतीत वर्षानुवर्षे असेच चालले आहे.

शिकणारा अडकतो. वरिष्ठ म्हणतात, ‘दे इकडे.’ दहा सेकंदांत नळी वळणापार जाते. ‘हं, घे आता.’ मधल्या दहा सेकंदांत वरिष्ठांनी काय केले ते शिकणाऱ्याला दिसलेले नसते, आणि बऱ्याचदा वरिष्ठांनाही शब्दांत सांगता येत नाही. हात इतका सरावलेला असतो की काय केले हे त्यांनाच वेगळे कळत नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याला विचारा, काठी झुकायच्या आधी तुला कसे कळते? तो म्हणेल, कळते. ते कळावे म्हणून यात्रेच्या आधी सराव चालतो.

पण पेशंटच्या आतड्यात नुसता सराव म्हणजे कुणाच्या तरी पोटातली कळ. आकडे काय सांगतात बघा. अमेरिकेत पूर्वी १४० तपासण्या झाल्या की शिकणाऱ्याचे कौशल्य तपासण्याजोगे होते असे मानत. २०११ मध्ये तिथल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या अभ्यासात दिसले, की किमान सफाई यायला सरासरी २७५ च्या आसपास तपासण्या लागतात. तीही सरासरी. कुणाला आधी जमते, कुणाला फार उशिरा. म्हणजे लॉगबुकातल्या, केलेल्या तपासण्यांच्या नोंदवहीतल्या, आकड्यावरून हात तयार झाला की नाही हे ठरत नाही. मग कशावरून ठरवायचे? इथे हालचालींचे मोजमाप कामाला येते.

मोजतात कसे?

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत फ्रँक गिल्ब्रेथ यांनी वीट रचणाऱ्या गवंड्यांच्या हालचाली बारकाईने पाहिल्या आणि एका विटेमागे होणाऱ्या १८ हालचाली पाचाच्या आसपास आणल्या. पुढे त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्येही चित्रीकरण केले. सर्जनने स्वतः हत्यार शोधण्याऐवजी नर्सने त्याच्या हातात द्यावे, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्यांनी मांडली होती. दुर्बिणीतून होणाऱ्या पोटाच्या ऑपरेशनांसाठी लंडनच्या इंपीरियल कॉलेजने हातांच्या हालचाली मोजणारे उपकरण तयार केले. त्यात दिसले की अनुभवी सर्जनचे हात तेच काम कमी हालचालींत आणि कमी अंतर फिरून करतात.

कोलोनोस्कोपीत पाच-सहा मार्ग वापरतात. खोली ओळखणारा कॅमेरा शरीराचे सांधे टिपतो. व्हिडिओ गेमसाठी निघालेला किनेक्ट कॅमेरा वापरून कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले, की अनुभवी आणि नवख्या डॉक्टरांतला फरक असा टिपता येतो. दुसरा मार्ग मनगटावरच्या सेन्सरचा. मोबाइल आडवा केला की पडदा फिरतो, ते ज्या चिपमुळे होते तशीच चिप इथे मनगटाचा वेग आणि वळण नोंदवते. तिसऱ्यात नळीवर बसवलेली मूठ असते. किती जोराने ढकलले, किती पीळ दिला हे ती सांगते. काही स्कोपमध्ये आतून ओळीने छोटी कुंडले बसवलेली असतात. पेशंटशेजारच्या पट्टीला त्यांचे चुंबकीय क्षेत्र कळते आणि पोटात नळीचा आकार कसा आहे ते दुसऱ्या पडद्यावर जिवंत दिसते, तेही एक्स-रेशिवाय. शिकणाऱ्याला आपण पाडलेले वेटोळे डोळ्यांनी दिसते आणि पिळाने ते सुटतानाही दिसते. शिकवायला यासारखे दुसरे साधन नाही. याशिवाय त्वचेवर चकत्या चिकटवून हाताचे कोणते स्नायू किती ताणले जातात ते पाहतात. नजर पडद्यावर कुठे फिरते हेही टिपतात.

मग हिशेब होतो. हात एकूण किती अंतर फिरला, किती वेळा सुटला, किती वेळ नुसता थांबला, हालचाल किती सलग होती. सलगपणा मोजायला झटका बघतात, म्हणजे वेग किती अचानक बदलतो. दोन एसटी चालक एकाच वेगाने पंढरपूरला नेतात, पण एकाच्या गाडीत उभ्या माणसाला खांबाला लटकावे लागते आणि दुसऱ्याच्या गाडीत पोरही सांडत नाही. फरक वेगात नसतो, झटक्यांत असतो.

हे आकडे एकटे मुके असतात. ‘उजव्या हाताने आठ वेळा जोरात ढकलले’ याचा अर्थ टोक कुठे होते यावर ठरतो. म्हणून हालचालींची नोंद आणि पडद्याचे चित्रीकरण एकाच घड्याळावर जुळवावे लागते. पेशंटही सारखे नसतात. गर्भाशय काढलेल्या बाईंचे सिग्मॉइड आत चिकटून वाकडे झालेले असू शकते. तिथे निष्णात हातही अडखळतो. एका तपासणीवरून कुणाला पास-नापास करणे हा अन्याय आहे. एकाच माणसाच्या अनेक तपासण्यांत रेघ कुणीकडे जाते आहे, ते पाहायचे.

झटपट उरकणारा हात चांगला का?

आत जाताना सफाई हवी, बाहेर येताना सबुरी. खरी तपासणी नळी मागे घेतानाच होते. आतड्याच्या आत घड्या असतात आणि पॉलिप त्यांच्या मागे दडतात. टोक वळवून प्रत्येक घडीमागे डोकवायचे, पाणी मारून घाण धुवायची, हवा कमी-जास्त करून घडी उलगडायची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दिसले, की नळी काढायला सरासरी सहा मिनिटे किंवा जास्त घेणाऱ्या डॉक्टरांना घाई करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त पॉलिप सापडतात. २०२४ च्या अमेरिकन निकषांत हे सरासरी आठ मिनिटांवर नेले आहे. डॉक्टरला कॅन्सरपूर्व पॉलिप (अॅडिनोमा) सापडण्याचे प्रमाण एक टक्क्याने वाढले, की त्याच्या पेशंटना पुढे आतड्याचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे तीन टक्क्यांनी घटते, असे २०१४ च्या मोठ्या अभ्यासात आढळले.

पण वेळ घड्याळात भरतो, नजर भरतेच असे नाही. नळी एका जागी धरून मिनिटे काढता येतात. टोक घड्यांमागे खरोखर फिरले का, हे हालचालींची नोंदच सांगू शकते. माझ्या मते या अभ्यासाचा सगळ्यात मोलाचा उपयोग हाच आहे, आणि त्याच्यावर अजून पुरेसा भर दिला जात नाही.

अमेरिकेतले प्रमाण जसेच्या तसे आपल्याला लावू नये. आपल्याकडे मोठ्या आतड्याचा कॅन्सर तिकडच्यापेक्षा कमी आहे. आपल्या गावांत कोणते कॅन्सर किती होतात ते ठाऊक आहे, कारण बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. आपल्याकडे स्कोप बहुतेक वेळा शौचातून रक्त जाणे, शौचाची सवय बदलणे, कारण न कळणारा अशक्तपणा यासाठी होतो. आणि आतड्याच्या टीबीची आवडती जागा म्हणजे लहान-मोठ्या आतड्याचा सांधा, अगदी सीकमपाशी. अमिबाच्या जखमाही तिथे बऱ्याचदा सापडतात. डाव्या बाजूलाच नळी अडली आणि तपासणी अर्धवट राहिली, तर नेमके हेच सुटते. शेवटपर्यंत पोचणारा हात आपल्याकडे म्हणूनच फार महत्त्वाचा आहे.

डॉक्टरांचे शरीरही मोजले जाते, ते का?

डाव्या अंगठ्याने दिवसभर चाक फिरवायचे, उजव्या मनगटाने पीळ द्यायचा, मान वर करून पडद्याकडे बघायचे. स्कोप करणाऱ्या डॉक्टरांत अंगठा, मनगट, मान आणि कंबरदुखी फार आढळते. अंगठ्याच्या बुडाशी कंडरेचे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचे, आवरण सुजते, मग तांब्याही उचलवत नाही. मोजमापातून साध्या सूचना निघाल्या आहेत. पलंग कोपराच्या उंचीला किंवा त्याहून दहा सेंटिमीटरपर्यंत खाली असावा. पडदा थेट समोर आणि नजरेच्या रेषेच्या थोडा खाली, कोपऱ्यात उंच टांगलेला नको. खांदा कानाकडे उचलला जात असेल तर पलंग उंच आहे. कमरेतून वाकावे लागत असेल तर खाली. एकाच खोलीत उंच आणि बुटके डॉक्टर काम करतात, म्हणून पलंग वर-खाली होणारा हवा. थकलेला, दुखरा हात बारीक पीळ देत नाही, जोर देतो. म्हणजे डॉक्टरांचे दुखणे शेवटी पेशंटच्या पोटापर्यंत येते.

‘आता एआय आला, हाताचे काय कौतुक?’

पॉलिपभोवती चौकट काढून दाखवणारे संगणक आले आहेत आणि ते उपयोगी आहेत. पण ते पडद्यावर जे दिसते त्यातलेच दाखवतात. घडीमागे नळीचे टोक गेलेच नाही तर संगणकाला काय दिसणार?

दुसरी शंका रास्त आहे: रबरी पुतळ्यावर किंवा संगणकी सिम्युलेटरवर का शिकवत नाहीत? शिकवतात, आणि सुरुवातीला त्याचा फायदा होतो. चाके कोणती, पीळ कसा, लूप कसा सोडवायचा हे पेशंटला हात लावण्याआधीच अंगवळणी पडते. पण रबर कण्हत नाही, आणि खऱ्या आतड्याचा सैलपणा त्यात पुरता येत नाही. तिसरी शंका पेशंटच्या लाजेची. या चित्रीकरणात डॉक्टरांचे हात आणि वरचे शरीर लागते, पेशंटचा चेहरा नाही. तरी अभ्यास असेल तर लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी हवीच. ‘नाही’ म्हटल्यावर उपचारात फरक पडता कामा नये.

सोलापुरात महागड्या सेन्सरशिवाय काय जमेल?

सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिकणारे आहेत, शिकवणारे आहेत, पेशंटही आहेत. चुंबकीय स्कोप नसला तरी सुरुवात मोबाइलवर होते. स्टँडवर मोबाइल लावून दोन्ही हात, नळीचा बाहेरचा भाग आणि पडदा एकाच चौकटीत येतील असे बसवायचे. तपासणीनंतर शिकणाऱ्याने आणि शिक्षकाने फक्त पाच मिनिटांचा भाग पाहायचा, जिथे नळी अडली तोच. उजवा हात किती वेळा सुटला? बाहेर वेटोळे होते का? पडदा लाल झाल्यावर हात मागे आला की पुढे गेला? पेशंट कण्हला त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत काय चालले होते? वरिष्ठांनी नळी घेतली असेल तर तीही दहा सेकंदे हळू गतीने लावायची. पुढच्या तपासणीसाठी एकच गोष्ट ठरवायची, चार नाहीत. नळी घेताना वरिष्ठांनी मोठ्याने बोलत जावे, ‘मागे ओढतोय, उजवीकडे पीळ, हवा काढली.’ एवढ्यानेही बराच फरक पडतो.

पेशंटने काय विचारावे, काय करावे

‘हाताला गुण आहे का’ याऐवजी डॉक्टरांना नीट विचारता येते: तुम्ही सीकमपर्यंत पोचता ते किती तपासण्यांत? शंभरांत नव्वदहून जास्त हे उत्तर योग्य. रिपोर्टात अपेंडिक्सचे तोंड किंवा लहान आतड्याच्या झडपेचा फोटो येईल का? शेवटपर्यंत पोचल्याचा तोच पुरावा. मध्येच कुशीवर किंवा पाठीवर वळायला सांगतील, नर्स पोट दाबेल. काही बिघडले म्हणून नव्हे, वेटोळे पडू नये म्हणून.

तुमच्या हातात असलेली मोठी गोष्ट म्हणजे आतडे स्वच्छ असणे. घाण असेल तर डॉक्टरांचा हात बघायचे सोडून धूतच बसतो. आधीचे दोन-तीन दिवस शेंगदाण्याची चटणी, तीळ, पालेभाज्या, सालीसकटच्या डाळी आणि ज्वारीची भाकरी बंद. भात, सालाशिवायच्या डाळीचे वरण, ताक चालते, पण आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील तेवढेच पातळ घ्यायचे. जुलाबाची पावडर एकदम संपवू नका. अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या चार ते सहा तास आधी घेतली की आतडे जास्त स्वच्छ होते. तपासणीच्या आधीचे शेवटचे दोन तास पाणीही नको. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते नंबर लावतानाच सांगा. पावडरने शौचाला लघवीसारखे पिवळसर, पारदर्शक पाणी होऊ लागले म्हणजे तयारी झाली. अजून गढूळ होत असेल तर निघण्याआधी दवाखान्यात फोन करून तसे कळवा.